तुमचे प्रश्न: कल्ल्यात सापडलेला किडा खरंच नवीन आहे का?

मागच्या अंकात मी दोनच ओळी लिहिल्या होत्या, की गोड्या पाण्यातल्या माशांवरच्या परजीवींचं आपल्याकडं अजून पुष्कळ काम बाकी आहे आणि नीट बघणाऱ्याला नवीन प्रजातीसुद्धा मिळू शकते. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यावरच करतोय. प्रश्न थोडे छोटे केलेत, नावं छापत नाही, फक्त गाव-पेठ ठेवलीय.

प्रश्न (नारायण पेठ): गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून मरळ आणली होती, साफ करताना पोटात लालसर दोऱ्यासारखा, गुंडाळून बसलेला किडा निघाला. मी घाबरून सगळी मरळ टाकून दिली. सासूबाई म्हणतात शिजवलं की काही होत नाही, उगाच टाकलीस. कोण बरोबर? आणि हा काही नवीनच रोग आलाय का?

उत्तर: ताई, सासूबाई बरोबर आहेत. वर्णनावरून हा गोलकृमी वाटतो, तोही पूर्ण वाढलेला नाही, अळीच्या अवस्थेतला. अशा कितीतरी कृमींसाठी मासा म्हणजे मधला मुक्काम असतो, पुढं तो मासा बगळ्यानं किंवा पाणकावळ्यानं खाल्ला की तिथं कृमी मोठा होतो. आपण रस्सा करतो, तळतो, आतपर्यंत शिजवतो, त्यात तो मरतो. धोका कच्चा किंवा अर्धवट शिजलेला मासा खाण्यात आहे. थायलंडमध्ये मरळीच्याच नात्यातले मासे कच्चे खाल्ल्यामुळं नॅथोस्टोमा नावाचा गोलकृमी माणसांच्या अंगात गेल्याच्या केसेस भरपूर आहेत. कच्चं खायचंच असेल तर मासा उणे २० अंशाला सलग सात दिवस ठेवावा लागतो आणि घरच्या फ्रीजवर त्यासाठी भरवसा ठेवू नका. पोटातला सगळा ऐवज काढून टाका, सुरी-पाट गरम पाण्यानं धुवा, बास.

रोग नवीन नाही, हे कृमी आपल्या आधीपासून माशांत आहेत. आपण आता मासा जरा निरखून बघायला लागलोय एवढंच.

प्रश्न (औंध): घरच्या टँकमधल्या गोल्डफिशच्या अंगातून पांढरट काडीसारखं काहीतरी बाहेर आलंय, टोकाला दोन बारीक पिशव्या लोंबतायत. नेटवरच्या फोटोंशी तंतोतंत जुळत नाही, डोक्याचा आकार वेगळाय. एक काडी चिमट्यानं ओढून काढून ठेवलीय. नवीन प्रजाती असू शकते का?

उत्तर: दादा, हा अँकर वर्म आहे. नावात वर्म असलं तरी हा किडा कृमी नाही, कोळंबी-खेकड्यांच्या गणगोतातला आहे, लर्निया. बाहेर दिसते ती मादी, त्या दोन पिशव्या अंड्यांच्या, आणि डोकं नांगरासारखं फाटे फुटून माशाच्या मांसात रुतलेलं असतं. याच्या सगळ्यात कॉमन प्रजातीला, लर्निया सायप्रिनेशियाला, खुद्द लिनियसनं १७५८ मध्ये नाव दिलं, म्हणजे प्राण्यांची शास्त्रीय नावं ज्या पुस्तकापासून मोजायला सुरुवात होते त्याच पुस्तकात हा आहे.

आता डोक्याचा आकार. तो नांगर मऊ मांसात वाढला तर पसरतो, हाड किंवा खवला आडवा आला तर वाकतो, त्यामुळं एकाच प्रजातीच्या दोन माद्या दोन वेगळ्या माशांवर अगदी वेगळ्या दिसतात आणि नुसत्या या आकारावरून पूर्वी लोकांनी बरीच नावं देऊन ठेवली, ती नंतर रद्द करावी लागली. तुम्ही तर ओढून काढलीय, म्हणजे एखादा फाटा आतच तुटलाही असेल. नवीन नाही. पण तो टँक वेगळा ठेवा, नवीन आणलेले मासे दोन-तीन आठवडे बाजूला ठेवल्याशिवाय त्यात सोडू नका, आणि या टँकचं पाणी किंवा मासे कुठल्याही तळ्यात, नदीत ओतू नका, हे मी हात जोडून सांगतोय. मुठेतल्या माशांना स्वतःचे परजीवी पुरेसे आहेत.

प्रश्न (वारजे): मी एमएस्सी झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी मुळशीच्या पुढच्या एका ओढ्यातून मळ्या मासे आणले होते. कल्ले मायक्रोस्कोपखाली बघितले तर एक मिलीमीटरपेक्षाही लहान किडे दिसले, मागच्या टोकाला दोन मोठे हूक, कडेनं बारीक बारीक हूक आणि डोक्याकडं चार काळे ठिपके. आमच्या पुस्तकातल्या एकाही आकृतीशी जुळत नाही. एकाचा डीएनए करून घेतला, जेनबँकमध्ये, म्हणजे डीएनएच्या जागतिक साठ्यात, ९१ टक्क्यांच्या वर मॅचच येत नाही. मैत्रीण म्हणते लगेच पेपर टाक, एक जर्नल पंधरा दिवसांत छापून देतं. गाइड म्हणतात थांब. स्लाइड चार आहेत. नवीन स्पीशीज म्हणू का?

उत्तर: तुझे गाइड बरोबर सांगतायत, आणि ते का बरोबर आहेत हे सविस्तर लिहितो कारण याच वळणावर खूप हुशार मुलं चुकताना मी बघितलीत. तुला ‘तू’ म्हणतो, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची आहेस.

आधी किडा कुठल्या घरातला ते. कल्ल्यावर, मागं हूक, चार डोळ्यांचे ठिपके, म्हणजे मोनोजेनिया या चपट्या कृमींच्या गटातला डॅक्टिलोगायरस किंवा त्याच्या जवळचा कुणीतरी. कडेचे बारीक हूक मोज, चौदा आले तर या बाजूला. सोळा आले, डोळ्याचे ठिपके नसले आणि पोटात आख्खं पिल्लू दिसलं, त्याचे हूकसुद्धा दिसले, तर तो जायरोडॅक्टिलस, तो अंडी घालत नाही, पिल्लू जन्माला घालतो आणि त्या पिल्लाच्या पोटात आधीच पुढचं पिल्लू वाढत असतं. तुझ्या वर्णनावरून पहिलाच वाटतो.

आता चांगली बातमी. डॅक्टिलोगायरसच्या नऊशेच्या वर प्रजातींना आजवर नावं मिळालीत आणि यातल्या बऱ्याच जणी एकाच माशावर किंवा त्याच्या अगदी जवळच्या भाऊबंदांवरच राहतात. म्हणजे ज्या माशाचे कल्ले कुणी नीट तपासलेले नाहीत त्याच्यावर त्याची स्वतःची, कुणी न बघितलेली प्रजाती असणं यात अशक्य काही नाही. तुझी शंका अगदी रास्त आहे.

पण ‘नवीन’ म्हणजे काय ते बघ. ‘माझ्या पुस्तकात नाही’ म्हणजे नवीन नाही. आजवर जेवढ्या जुळण्यासारख्या प्रजाती लिहिल्या गेल्या त्यातली ही एकही नाही, हे तुला दाखवायचंय. मळ्यावरून काय काय नोंदलंय, मळ्या ज्यात येतो त्या गारा या जीनसमधल्या, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटातल्या, बाकीच्या माशांवरून भारतात आणि शेजारच्या देशांत काय नोंदलंय, आणि त्याच ओढ्यात मळ्याबरोबर राहणाऱ्या इतर माशांवर काय आहे, ही तीन घरं तरी फिरायलाच लागतात. पुस्तकातली आकृती तिसऱ्या हाताची असते, कुणीतरी कुणाच्यातरी आकृतीवरून काढलेली. मूळ पेपर काढून वाच, जुना असला, दुसऱ्या भाषेतला असला तरी. आणि जिथं शंका राहते तिथं मूळ नमुना, म्हणजे टाइप स्पेसिमेन, मागवून किंवा जाऊन बघ.

हे न करता नावं दिली की काय होतं त्याचं उदाहरण आपल्याच घरचं आहे. शिवडा, शिंघाळा अशा मिशीवाल्या माशांच्या आतड्यात गँगेसिया नावाचा पट्टकृमी असतो. भारत आणि आसपासच्या भागातून याच्या आणि याच्या एका सख्ख्या जीनसच्या मिळून ४८ प्रजाती नावानिशी लिहिल्या गेल्या होत्या. २०१२ मध्ये भारतातल्या आणि बाहेरच्या संशोधकांनी मिळून जुने टाइप तपासले, भारत, बांगलादेश, कंबोडियातून ताजे नमुने गोळा केले, डीएनए बघितला, आणि निष्कर्ष काय, तर खऱ्या प्रजाती चार. ४८ नाही, चार. त्याच्या आदल्या वर्षी मागूर माशातल्या बिनखंडांच्या पट्टकृमींचं असंच झालं होतं, पन्नासहून जास्त नावं होती, आठ टिकली.

त्या नावांमागं पीएचड्या होत्या, रात्री जागून काढलेल्या आकृत्या होत्या, ते मला माहितीये, आणि म्हणूनच वाईट वाटतं. माझ्या मते यात लबाडीपेक्षा वाईट नमुन्यांचा वाटा फार मोठा आहे, आणि हे मी स्वतः केलंय म्हणून सांगतो. पंचवीसेक वर्षांचा असताना बाजारातून आणलेल्या माशातून मी पट्टकृमी काढले, मासा सकाळी कधीतरी मेलेला, मी दुपारी कापला. कृमी दोन काचांमध्ये ठेवून दोऱ्यानं गच्च बांधले, तशीच पद्धत होती. मायक्रोस्कोपखाली डोक्यावरचे हूक मोजले तर वर्णनापेक्षा बरेच कमी. नवीन! नावसुद्धा ठरवलं होतं. आमच्या एका ज्येष्ठांनी पेपर वाचला आणि एवढंच म्हणाले, पहाटे कोळ्याबरोबर होडीत जा आणि जिवंत मासा आण. आणला. त्यातल्या कृमींना हूक पूर्ण होते. आधीच्यांचे मेल्यावर गळून गेले होते, आणि काचेत दाबून अंगाची रुंदी भलतीच वाढली होती. तो पेपर मी पाठवला नाही.

त्यामुळं तुझ्या चार स्लाइडकडं परत ये. त्या कशा केल्यास? कल्ल्यावरच्या या किड्यांमध्ये ओळख पटवायची ती कडक भागांवरून, म्हणजे मोठे हूक, त्यांना जोडणारी पट्टी, कडेचे हूक आणि नर-अवयवाची ती वळणदार नळी. हे सगळे मायक्रॉनमध्ये मोजायचे भाग आहेत. यांच्यासाठी अमोनियम पिक्रेट घातलेल्या ग्लिसरीनमध्ये स्लाइड करतात, त्यात हूक सपाट पडून स्वच्छ दिसतात. पण त्यातच मऊ भाग पार पसरून जातात, म्हणून अंडाशय, वृषण बघायला दुसरे किडे न दाबता फिक्स करून कार्माइननं रंगवायचे, बाल्सममध्ये बसवायचे. अंगाची लांबी-रुंदी दाबलेल्या किड्यावरून कधीच देऊ नकोस. आणि फॉर्मलिनमध्ये घातलेला किडा डीएनएसाठी जवळजवळ वाया जातो, त्यासाठी थेट ९५ टक्क्यांच्या पुढच्या इथेनॉलमध्ये आणि थंड. सगळ्यात उत्तम म्हणजे एकच किडा सुईनं दोन तुकडे करायचा, हूकवाला भाग स्लाइडवर आणि उरलेला डीएनएला. म्हणजे उद्या कुणी विचारलं की हा डीएनए नक्की कुणाचा, तर तू स्लाइड पुढं करू शकतेस. आत्ता तू ज्या एका किड्याचा डीएनए केलायस तो आख्खा वितळवून टाकलायस, असं दिसतं. मग तो या चार जणांच्याच प्रजातीचा होता हे कशावरून? एका कल्ल्यावर दोन-तीन प्रजाती शेजारी शेजारी बसलेल्या असतात, हे अगदी रोजचं आहे.

त्या ९१ टक्क्यांबद्दल. यावर मुलं फार लवकर खूश होतात. जेनबँकमध्ये जे आहे त्याच्याशीच ते तुलना करतं. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या प्रजातींना नाव आहे, आकृती आहे, पण त्यांचा डीएनए कुणी कधी केलेलाच नाही. म्हणजे तुझा किडा पन्नास वर्षांपूर्वी व्यवस्थित लिहिलेला असला तरी मॅच येणार नाही. शिवाय डीएनएचा कुठला भाग, २८एस केलास, आयटीएस केलास की सीओआय, यावर ते टक्के काय सांगतात हे पूर्ण बदलतं, सीओआय भराभर बदलतो आणि २८एस सावकाश, आणि तू कुठला भाग केला ते लिहिलेलंच नाहीस. डीएनए साक्षीदार म्हणून उत्तम आहे, पण हूकांची आकृती आणि डीएनए दोघांनी एकच गोष्ट सांगायला हवी.

आकडे वाढव. चार स्लाइडवर प्रजाती उभी राहत नाही. निदान पंधरा-वीस चांगले किडे, वेगवेगळ्या माशांवरचे, जमलं तर वेगळ्या ऋतूतले. ऋतू का, तर जायरोडॅक्टिलसमध्ये हे नीट दाखवलेलं आहे की पाणी थंड असलं की त्याच प्रजातीचे हूक मोठे वाढतात. तुझ्या किड्यात तसं असेल-नसेल, पण पावसाळ्यातल्या आणि उन्हाळ्यातल्या मापांमधला फरक तुला स्वतःला माहीत असायला हवा, नाहीतर तू ऋतूलाच नाव देऊन बसशील.

आणि मासा! मासा कुठाय? हे मी प्रत्येकाला विचारतो आणि निम्मे जण म्हणतात टाकला. परजीवीच्या ओळखीचा अर्धा आधार यजमान मासा असतो. गारा जीनसमधल्या प्रजाती एकमेकींसारख्या दिसतात, मळ्या म्हणून आणलेला मासा दुसराच निघू शकतो, मग तुझी सगळी तुलना चुकीच्या घरात झालेली असते. ज्या माशावरचा किडा, तोच मासा फॉर्मलिनमध्ये ठेव, त्याच्या परातला एक बारीक तुकडा आधीच इथेनॉलमध्ये काढून ठेव, दोघांवर आणि स्लाइडवर एकच नंबर. लेबल पेन्सिलनं लिही, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळून जाते आणि मग बरणीत नुसता एक कोरा कागद उरतो. तारीख, ओढ्याचं नाव, जीपीएस, माशाची लांबी, कितव्या कल्ल्यावर.

तीन शब्द वेगवेगळे ठेवायला शीक, नवीन यजमानाची नोंद, नवीन ठिकाणाची नोंद आणि नवीन प्रजाती. पहिल्या दोन गोष्टीही चांगल्या आहेत, त्यात कमीपणा नाही. चिलापी मासा १९५२ मध्ये भारतात आणला, तो आफ्रिकेतला, त्याच्या कल्ल्यावरचा सिक्लिडोगायरस त्याच्याबरोबर आला. इथं तो पहिल्यांदा बघणाऱ्याला तो नवाच वाटणार, पण आफ्रिकेतून त्याला आधीच नाव होतं. आणि अशी नोंदही किती मोलाची असते बघ. जायरोडॅक्टिलस सॅलॅरिस नावाचा किडा बाल्टिककडून आणलेल्या माशांबरोबर नॉर्वेत पोचला, १९७५ मध्ये तो तिथं पहिल्यांदा सापडला आणि त्यानं कितीतरी नद्यांमधली सॅमनची पिल्लं संपवत आणली, शेवटी आख्ख्या नद्यांमध्ये माशांचं विष सोडून पुन्हा सुरुवात करावी लागली. जिथला तो मूळ, तिथल्या माशांना त्याचा एवढा त्रास नव्हता. कोण किडा कुठला आहे हे अचूक माहीत असण्यावर तिथं नद्या अवलंबून होत्या.

एवढं सगळं करूनही तो कुणाशीच जुळला नाही, तर मग छाती काढून नवीन म्हण. तेव्हा एक नमुना होलोटाइप म्हणून, म्हणजे नावाचा मुख्य नमुना म्हणून, निवडायचा, बाकीचे पॅराटाइप, म्हणजे त्याच्या जोडीचे, आणि ते सार्वजनिक संग्रहात जमा करायचे, स्वतःच्या कपाटात नाही. आपल्याकडं २००२ च्या जैवविविधता कायद्यातच आहे की नवीन प्रजाती सापडली तर ठरवून दिलेल्या संस्थेला कळवायचं आणि नमुना जमा करायचा. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डीलाच आहे, तुला लांब जायला नको, आणि जमा करायच्या आधीसुद्धा तिथं जाऊन विचार, जुने नमुने बघायला परवानगी कशी मिळते ते विचार. परदेशात कुणाला नमुना पाठवायचा विचार असेल तर त्याचे नियम आधी बघ, पोस्टात टाकून मोकळी होऊ नकोस.

पंधरा दिवसांत छापणाऱ्या जर्नलला नाही म्हण. पंधरा दिवसांत तुझा पेपर कुणी वाचलेला नसणार, आणि एकदा नाव छापलं की ते कायमचं राहतं, चुकीचं असलं तरी पुढच्या प्रत्येक माणसाला ते तपासत बसावं लागतं. त्या ४८ जणांना तपासायला किती माणसांची किती वर्षं गेली असतील याचा विचार कर.

पुढच्या पावसाळ्यानंतर परत जा त्या ओढ्यावर. आणि स्लाइडचे फोटो काढशील तेव्हा स्केल टाकायला विसरू नकोस, तू पाठवलेल्या तीनही फोटोंत स्केल नाहीये.

प्रश्न (भिगवण): आम्ही उजनीत मासेमारी करतो. चिलापीच्या मांसात, कल्ल्याजवळ पिवळे दाणे निघतात, फोडले तर आत वळवळणारा किडा. गिऱ्हाईक मासा परत करतं. लोक म्हणतात फ्लेमिंगो आल्यापासून हे वाढलं. खरं का? आणि हा किडा कुठला, नवीन आहे का?

उत्तर: दादा, पिवळा दाणा, आत जिवंत किडा, म्हणजे बहुतेक क्लिनोस्टोमम नावाच्या पर्णकृमीची अळी. याचा प्रवास असा, आधी पाण्यातली गोगलगाय, मग मासा, आणि शेवटी बगळा. बगळ्याच्या तोंडात-घशात तो मोठा होतो, अंडी पाण्यात पडतात, परत गोगलगाय. फ्लेमिंगोला यात ओढू नका, तो मासे खातच नाही, चोच उलटी धरून शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातो. उथळ पाणी, शेवाळ-पाणवनस्पती, भरपूर गोगलगाई आणि बगळे असे सगळे एकत्र आले की हे दाणे वाढतात.

मासा नीट शिजवला तर खायला हरकत नाही, दाण्याचा भाग कापून टाका. कच्चा मासा खाल्लेल्या माणसांच्या घशात हा किडा चिकटल्याच्या केसेस जपान-कोरियात झाल्यात, म्हणून नीट शिजवा एवढंच गिऱ्हाइकाला सांगा. आणि साफ करताना निघालेले कल्ले-आतडी काठावर टाकू नका, बगळा तेच उचलतो आणि चक्कर पुन्हा सुरू होते.

नवीन आहे का, तर अळीवरून ते ठरत नाही. अळीमध्ये जननेंद्रियं नीट तयार झालेली नसतात आणि पर्णकृमीची ओळख बरीचशी त्यावरच असते, नाहीतर डीएनए करावा लागतो. अवस्था वेगळी म्हणून प्राणी वेगळा समजण्याची चूक तर भल्याभल्यांनी केलीय. माशाच्या कूर्चेत राहणारा मिक्सोबोलस सेरेब्रॅलिस आणि चिखलातल्या ट्युबिफेक्स किड्यात राहणारा, तीन हात पसरलेला एक परजीवी, हे दोघं कितीतरी वर्षं वेगवेगळ्या वर्गात बसवलेले होते, वेगळी नावं, वेगळी पुस्तकं. १९८४ मध्ये दाखवलं गेलं की ते एकच आहेत, एकाच जिवाच्या दोन अवस्था. तुमच्याकडचे पाच-सहा दाणे न फोडता, माशाच्या तुकड्यासकट कडक अल्कोहोलमध्ये ठेवून जवळच्या कॉलेजच्या झूलॉजीवाल्यांना द्या, तारीख आणि धरणाचा कुठला भाग ते लिहून. तुम्ही रोज पाण्यावर असता, कुठल्या महिन्यात दाणे जास्त निघतात हे तुमच्याइतकं कुणालाच कळणार नाही, ते एका वहीत लिहीत चला.

प्रश्न (सदाशिव पेठ, निवृत्त शिक्षक): माझी नात याच विषयात संशोधन करते. तिला नवीन प्रजाती मिळाली तर माझ्या वडिलांचं नाव देता येईल का? ते मूळचे भीमेकाठचे, आयुष्यभर नदीवर मासे धरायचे. मराठी शब्द चालतो का?

उत्तर: सर, देता येतं. नावांचे नियम एका आंतरराष्ट्रीय संहितेत आहेत, सध्याची आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. नाव रोमन अक्षरांत हवं, त्याच जीनसमध्ये आधी कुणी वापरलेलं नको, पुरुषाचं असेल तर शेवटी साधारण ‘आय’ लागतो आणि बाईचं असेल तर ‘एई’. पेपरमध्ये ही नवीन प्रजाती आहे असं स्पष्ट लिहावं लागतं, होलोटाइप कुठल्या संग्रहात ठेवला तेही, आणि पेपर फक्त ऑनलाइन निघणार असेल तर आधी झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंद लागते. स्वतःचं नाव स्वतःच देत नाहीत, तो नियम नाही पण रीत आहे. वडिलांचं, गावाचं, नदीचं, सगळं चालतं.

मराठी शब्द तर आपल्या माशांना आधीपासून आहेत. कर्नल विल्यम साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खनभर फिरला आणि १८३९ मध्ये त्यानं इकडच्या माशांची वर्णनं छापली. त्यात इथल्या बोलीतली नावं त्यानं जशी ऐकली तशी प्रजातीची नावं म्हणून घातली. शिंगटी म्हणून मिस्टस सिंगटी, शिंघाळा म्हणून स्पेराटा सिंघाला, घोगरा म्हणून रिटा गोग्रा, आणि वरच्या पत्रातला आपला मळ्या, तो गारा मुल्या. जगात कुठंही या माशांवर पेपर निघाला तरी त्यात ते शब्द असतात.

तुमचे वडील नदीवर असायचे असं लिहिलंत म्हणून एक विनंती. माशाच्या अंगावरच्या उवांना, पोटातल्या पांढऱ्या पट्टीला, कल्ल्यातल्या पुरळाला ते लोक आपसात काय म्हणायचे? त्या काळचे शब्द तुम्हाला किंवा घरात कुणाला आठवत असतील तर, कुठल्या गावचा शब्द आहे त्यासकट, मला लिहून पाठवा. तुमच्या नातीलाही द्या.